मोबाईल पालथा घालून बसलेल्या पोरांना

(विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. मध्ये विचारले गेलेले प्रश्न गाळले आहेत.)



मला चिठ्ठीवर विषय लिहून दिलाय तो असा: 'तंत्रज्ञानाची भीती, समाजमाध्यमे आणि विद्यार्थी'. मोठा सोज्वळ विषय आहे. असे विषय प्रस्थापितांच्या चर्चासत्रात ठेवतात. तिथं एक तज्ज्ञ येतो. तो सांगतो, पोरं फार मोबाईल बघतात, त्यांचे डोळे जातील, झोप जाईल, आईबापाशी संवाद तुटेल. मग चहा-समोसा होतो नि सगळे घरी जाऊन मोबाईल बघतात. या भीतीशी माझं भांडण नाही. डोळे सगळ्यांचेच जातात. पण ही भीती ज्या घरातून येते, त्या घरात पोराला स्वतंत्र खोली असते, खोलीला दार असतं, दाराला आतून कडी असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात. तिथं संवाद तुटायलासुद्धा जागा नाही.

आपली भीती निराळी आहे. तिचं नाव त्या तज्ज्ञाच्या पुस्तकात सापडत नाही.

मार्च २०२० मध्ये देशाला टाळं लागलं नि कॉलेजं मोबाईलमध्ये शिरली. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१७-१८ साली मोजून ठेवलं होतं की खेड्यातल्या १०० घरांपैकी जेमतेम ४.४ घरांत कॉम्प्युटर आहे, शहरात २३.४ घरांत. इंटरनेटची सोय खेड्यात १४.९ टक्के घरांना, शहरात ४२ टक्के. हे आकडे ज्यांच्या टेबलावर होते त्यांनीच हुकूम काढला, शिक्षण ऑनलाइन होईल. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात १ जून २०२० ला ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि त्याच दिवशी नववीतली एक दलित मजुराची पोर जिवानिशी गेली. घरातला टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता. शिकायची हौस असलेली पोर. तिला 'तंत्रज्ञानाची भीती' होती असं म्हणाल?

ज्यांच्याकडे फोन होता त्यांची दुसरीच गोष्ट. मास्तर म्हणायचे, कॅमेरा ऑन करा. आणि आपली पोरं कॅमेरा ऑन करत नव्हती. मास्तरांना वाटायचं पोरं झोपलीत. पोरं झोपली नव्हती. पोरं भिंत शोधत होती. घरात अशी एक भिंत, जिच्यावर बाबासाहेबांची तसबीर नाही, बुद्धाची मूर्ती नाही, निळा रंग नाही, दोरीवर वाळत घातलेले कपडे नाहीत. अशी भिंत आपल्या घरात नसते. मग फोन खिडकीकडं तोंड करून ठेवायचा, म्हणजे पाठीमागं नुसतं आभाळ दिसेल. वर्गात जे आडनाव कसंबसं झाकून ठेवलेलं असतं, ते कॅमेऱ्यानं एका सेकंदात उघडं पाडलं असतं. हजार वर्षं आपल्याला वेशीबाहेर ठेवणाऱ्यांनी आपल्या घरात कधी डोकावलं नव्हतं. आता बिनचपलांचे, बिनपायांचे सगळेच थेट माजघरात. बापानं ज्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, ती तसबीर पोरानं परीक्षेपुरती उतरवून ठेवायची, ही वेळ कुणी आणली? त्या पोराला मी दोष देणार नाही. पण ही गोष्ट लहान आहे असंही मी म्हणणार नाही.

आजही तेच चाललंय. इन्स्टाग्रामवर आडनावाच्या जागी बापाचं नाव. १४ एप्रिलला स्टेटस ठेवायचं आणि ठेवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन वर्गाचा ग्रुप, होस्टेलचे रूममेट, इंटर्नशिपवाला साहेब, सगळ्यांना वगळायचं. म्हणजे जयंती कुणाला दिसते? जे आधीच जयंतीत नाचतायत त्यांना. अशी चोरून साजरी केलेली जयंती बघून मला हसूही येतं नि पोटातही तुटतं. कारण समोरचे काय विचारतात ते मला माहीत आहे. ते जात विचारत नाहीत, हल्ली जात विचारणं अडाणीपणाचं झालंय. ते रँक विचारतात. किती आला तुझा नंबर? आयआयटी मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी जुलैत त्या संस्थेला लेखी सांगावं लागलं की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेचा रँक विचारू नये. देशातल्या सर्वांत हुशार पोरांना हे कागदावर लिहून द्यावं लागतं. संस्कृती म्हणतात ती हीच.

आता मला कुणी सांगेल की भीती खोटी आहे, मनाचे खेळ आहेत, धाडस करा. मी असं भाषण करणार नाही. भीती खोटी नाही. भीतीला तारखा आहेत.

नोव्हेंबर २०१२. मुंबईच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या ओळींना लाईक केलं. दोघींना अटक. लाईकला अटक! ज्या कलमाखाली हे चालायचं ते आयटी कायद्याचं ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तरी पोलीस ते मेलेलं कलम लावतच राहिले, इतके की जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच धक्का बसला.

मे २०१५, शिर्डी. आपल्या एका तरुण पोराच्या खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची. त्यावरून वाद झाला आणि पोराचा खून झाला. फोन उचलला नव्हता, काही पोस्ट केलं नव्हतं, नुसता वाजला होता. त्यानंतर किती आयांनी आपल्या पोरांना सांगितलं असेल, बाहेर जाताना फोन सायलेंटवर ठेव रे बाबा! हे 'डिजिटल व्यसन' नव्हे.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातलं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१५ मध्ये वादाची ठिणगी पडली ती एका फेसबुक पोस्टवरून. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पोरांना दुसऱ्या संघटनेच्या पुढाऱ्यानं गुंड म्हटलं. ज्यांना गुंड म्हटलं त्यांनाच होस्टेलबाहेर काढलं. रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली होती, अंगावर कर्ज झालं होतं. जानेवारी २०१६ च्या थंडीत ती पोरं उघड्यावर तंबू टाकून राहिली, त्या जागेला त्यांनी नाव दिलं 'वेलिवाडा', म्हणजे आपला महारवाडा, आपला मांगवाडा. १७ जानेवारीला रोहित गेला. त्याचं पत्र त्याच रात्री देशभरच्या मोबाईलवर पोचलं. ज्या यंत्रावरून बदनामी सुरू झाली त्याच यंत्रानं ते पत्र पोचवलं. हे मी पुढं पुन्हा बोलणार आहे.

आणखी जवळ या. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं एका दलित पीएचडी संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीच्या मोर्चात गेला, आणि आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' बघा असं सोशल मीडियावर लिहिलं, हे त्याच्या गुन्ह्यांत धरलं. हा सिनेमा दूरदर्शनवर दाखवला गेलेला, सरकारचा पुरस्कार मिळालेला! हायकोर्टात तो हरला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यानं भोगलेली मुदत पुरे म्हणून त्याला परत अभ्यासाला जाऊ दिलं. म्हणजे वर्ष गेलंच. त्याच मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं एक पोस्ट पुढं ढकलली, दोन-तीन तासांत काढून टाकली, माफी मागितली. कॉलेजनं काढलं, पोलिसांनी पकडलं, ऐन परीक्षेच्या दिवसांत पोर येरवड्यात. हायकोर्टानं सरकारला नि कॉलेजला फटकारून तिला सोडवलं. ती आपल्या जातीची नव्हती, मुसलमान होती, काश्मिरी होती. पण तिच्या बाजूनं बोलायला आपले किती जण पुढं आले? हा प्रश्न मी इथल्या सगळ्यांना विचारतोय, खाली बघू नका.

आणि सगळ्यांत वरची भीती. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ साली जी माणसं पकडली त्यात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, आपल्यातलेच. पुरावा काय, तर लॅपटॉपमधल्या फायली. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी कंपनीनं २०२१ मध्ये अहवाल दिले की रोना विल्सन यांच्या आणि गडलिंग यांच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कुणीतरी शिरलं होतं, फायली बाहेरून टाकल्या होत्या. म्हणजे पूर्वी घरात गावठी पिस्तूल टाकायचे, आता फाईल टाकतात. ही पद्धत नवी, हात जुनाच.

एवढं सगळं ऐकल्यावर आपल्यातले दोन प्रकारचे लोक दोन उपाय सांगतात. पहिला म्हणतो, सोडून द्या हे फोनबीन, वस्तीत चला, खरी चळवळ रस्त्यावर असते. ऐकायला झकास वाटतं. पण या मित्राला मी विचारतो, तू इथं शिबिराला कसा आलास? व्हॉट्सअॅपवरच्या निरोपानं. वस्ती कुठं आहे आता? वस्तीसुद्धा फोनमध्ये येऊन बसलीय. तुझा जीओआयचा फॉर्म कुठं आहे? महाडीबीटीवर. तिथं आधारचा ओटीपी येतो तो बापाच्या बंद पडलेल्या नंबरवर. खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पैसे परत जातात. उत्पन्नाचा दाखला स्कॅन केला तर फाईल मोठी होते, लहान केली तर अक्षर दिसत नाही. झेरॉक्सवाला फॉर्म भरायचे पैसे घेतो आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवतो. कॉलेजातला कारकून महिनोन्‌महिने लॉगिनच उघडत नाही, नि मग एक दिवस कळतं, अर्ज 'सेंड बॅक' झालाय. बाबासाहेबांनी भांडून मिळवलेली शिष्यवृत्ती त्या कारकुनाच्या बोटाखाली अडकलेली आहे. पूर्वी तो तोंडावर सांगायचा, 'उद्या या'. आता ते काम स्क्रीन करते. तू फोन सोडशील, पण फोन तुला सोडणार नाही.

यंत्राला भ्यायचं नाही ही आपली परंपरा आहे, हे विसरू नका. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्राला पाप ठरवलं. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेसवरच्या ग्रंथात त्याची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रामुळं माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत असेल तरच माणूस जनावरासारखं राबणं सोडून विचार करू शकतो. वाईट काही घडत असेल तर दोष यंत्राचा नाही, मालकीच्या रचनेचा आहे. चरख्याचं कौतुक त्याला परवडतं ज्याला पोटासाठी सूत कातावं लागत नाही. हा मुद्दा आज जसाच्या तसा लागू आहे. मोबाईल वाईट की चांगला हा प्रश्नच नाही. तो कुणाच्या ताब्यात?

बघा, यंत्र कुठं पोचतं नि कुठं पोचत नाही. माणसानं मैला उपसायला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये आला, २०१३ मध्ये पुन्हा आला. तरी गटारात उतरायला आजही आपलाच भाऊ. तिथं यंत्र पोचत नाही. पण नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. चंदीगडलाही बांधली. बाई झाडू मारताना कुठं थांबली, किती वेळ थांबली, सगळं वर दिसतं. घड्याळाची बॅटरी गेली तर पगार कापला जाईल ही धास्ती. मुतारीत गेलं तरी घड्याळ हातात, ही लाज. गटार साफ करायला यंत्र नाही आणि गटार साफ करणाऱ्यावर पहारा ठेवायला यंत्र आहे! आईच्या मनगटावर ते घड्याळ, आणि पोरगा विद्यापीठात 'तंत्रज्ञान आणि समाज' या विषयावर पेपर लिहितोय. त्या पेपरात आईचं घड्याळ येत नाही. का येत नाही? तर संदर्भग्रंथात नाही म्हणून.

दुसरा उपाय सांगणारे म्हणजे आपले रीलवीर. हे दिवसभर फोनमध्ये. पाठीमागं ढोल, निळा धूर, काळा चष्मा, एक पाय जीपवर. खालून हजार जण लिहितात 'जयभीम वाघ'. हा वाघ वस्तीतल्या मुलीवर अत्याचार झाला तर पोलीस ठाण्यात रात्री बाराला बसतो का? बसणारे आहेत, त्यांचे रील नाहीत. आणि वर गटांची भांडणं. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे आपण मोजत होतो, आता व्हॉट्सअॅप ग्रुपचे मोजावे लागतात. अॅडमिननं काढलं म्हणून नवा ग्रुप, नव्या ग्रुपचं नाव तेच, पुढं फक्त 'खरा' जोडायचं. खोटे फॉरवर्ड आपणही पाठवतो, बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न म्हटलेली वाक्यं छापतो. ज्या माणसानं प्रत्येक वाक्याला पुरावा दिला त्याच्या नावावर!

मुलींशी एक वेगळं बोलायचं आहे. तुमची भीती दुहेरी आहे. जातवाला बाहेरून शिव्या घालतो, फोटो उचलून घाण करतो. आणि चळवळीतला भाऊ आतून पहारा करतो: हा फोटो का टाकलास, याला उत्तर का दिलंस, रात्री अकराला ऑनलाइन का होतीस? हा भाऊ सकाळी मनुस्मृती दहनाचा फोटो टाकतो नि संध्याकाळी बहिणीचा पासवर्ड मागतो. त्याला पासवर्ड देऊ नका.

मग करायचं काय? आपल्या आधीच्यांनी काय केलं ते बघा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. म्हणून बाबासाहेब वर्तमानपत्र सोडून बसले नाहीत. १९२७ ला 'बहिष्कृत भारत', पुढं 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत', आणि स्वतःचा छापखाना. १९७२ ला पँथर उभी राहिली ती ज्यांच्याकडं छापखाना नव्हता त्यांच्या जोरावर. शाईनं हात काळे करत सायक्लोस्टाईल करायचे, अंक हातोहात जायचे. तेव्हाही सीआयडी वाचायचाच, तोही वर्गणी न देता. टेपरेकॉर्डर आला तेव्हा आपल्या लोकांनी कुणाला विचारलं नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप कॅसेटमधून थेट चाळीत आले, आणि ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिला चवदार तळं पाठ झालं.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. मोठ्या पेपरांनी सुरुवातीला अनैतिक संबंधाची भानगड म्हणून बातमी दाबली. बातमी बाहेर काढली ती आपल्याच माणसांनी. कुणी गावात जाऊन चौकशी केली, कुणी प्रेतांचे फोटो मिळवले, नि ते एसएमएस, ईमेल, ब्लॉग असे फिरत राहिले. नोव्हेंबरमध्ये विदर्भ पेटला, राज्यकर्ते म्हणाले यामागं नक्षलवादी आहेत. त्यांना समजेनाच की पेपरात नसलेली बातमी एवढ्या लोकांना कळली कशी! आणि २ एप्रिल २०१८. अॅट्रॉसिटी कायदा बोथट करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल २० मार्चला आला, तोही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. पुढच्या तेरा दिवसांत कुठल्याही एका मोठ्या पक्षानं हाक न देता, मोबाईलवरून मोबाईलवर, भारत बंद झाला. माणसं गोळ्या खाऊन मेली, अनेक ठिकाणी सरकारनं इंटरनेटच तोडलं. पण त्याच वर्षी संसदेला १८अ कलम घालून कायदा सरळ करावा लागला. इंटरनेट का तोडलं याचा विचार करा. ज्याची त्यांना भीती वाटते ते यंत्र तुमच्या खिशात आहे, आणि तुम्ही ते पालथं घालून बसला आहात.

मी म्हणत नाही उद्यापासून सगळ्यांनी छाती उघडी टाकून पोस्ट लिहा. एकट्यानं लिहिलं तर एकट्याला काढतात. पाच जणांनी मिळून लिहा, पाच जणांच्या नावानं लिहा. लिहिण्याआधी एकदा वकिलाच्या डोळ्यानं वाचा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता बदललीय. जुनं १५३अ आता भारतीय न्याय संहितेत १९६ आहे, ते काय म्हणतं ते वाचून ठेवा, कारण ते तुमच्यावर लावतील. आणि तुमच्या बाजूचा कायदाही वाचा. ऑनलाइन केलेली जातीवाचक शिवीगाळ अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकते असं केरळ हायकोर्टानं जुलै २०२२ मध्ये म्हटलंय. समोरच्या खोलीत बसून शिवी दिलीच पाहिजे असं नाही.

पण आपली पोरं काय करतात? शिवी आली की रागानं स्क्रीनशॉट काढतात, त्यावर लाल गोल मारतात, चार ग्रुपवर टाकतात, आणि मूळ मेसेज डिलीट करतात. पुरावा तिथंच संपला. मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपा. लिंक, तारीख, वेळ, खात्याचं नाव वहीत लिहा, हो, कागदाच्या वहीत. त्या चित्रावर काही रेघोट्या मारू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाप्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ठाणेदार म्हणाला, आधी चौकशी करू मग गुन्हा नोंदवू, तर त्याला १८अ दाखवा. त्यात लिहिलंय की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे फोनवर सेव्ह करून ठेवा, ठाण्यात रेंज नसते.

मोर्चाला जाताना बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप बंद करून आकडे टाका, कारण बोट धरून लावणं सोपं असतं. अनोळखी माणसाकडून आलेली फाईल, मग ती 'कॉम्रेड'च्या नावानं आलेली का असेना, उघडू नका. चळवळीची यादी, सभासदांचे पत्ते एकाच्याच फोनमध्ये ठेवू नका. हे भित्रेपणाचं नाही, पूर्वी पत्रकं कुणाच्या माळ्यावर ठेवायची हे ठरवायचो तसंच आहे.

आता माझा घसा बसलाय आणि जेवणाची घंटा झालीय. संध्याकाळी सहा वाजता मी नि दोन मित्र इथंच मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. ज्यांचे महाडीबीटीचे अर्ज 'सेंड बॅक' झालेत त्यांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणावं. झेरॉक्सवाल्याकडं अडकलेले पासवर्ड आपण बदलू. आणि ज्या दोन मुलींनी काल चिठ्ठीत वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजबद्दल लिहिलंय, त्यांनी तो मेसेज डिलीट करू नये. फोन चार्ज करून आणा.